उन्हाकडे पाठ

हॅमिल्टन, ऑन्टारिओ
१४ ऑक्टोबर २०१७

प्रिय प्रभा,

पोचलो सुखरूप. टोरांटोच्या विमानतळावर देवेश घ्यायला आला होता, मिसिसागाहून, ऑफिस अर्धं टाकून. घरी येऊन बघते तर फ्रिजमध्ये दूध, ब्रेड, मेथीची जुडी, सगळं भरलेलं. त्याच्याकडे आमच्या घराची किल्ली असतेच. मी ह्यांना म्हटलं, जावई खरा, पण पोटचा मुलगा तरी एवढं करील का? हे सरळ आडवे झाले. विमानात झोप झाली नव्हती त्यांची.

फोनवर आभार मानले की तू 'बरं बरं' करून फोन ठेवतेस, म्हणून पत्र. नागपूरच्या मेडिकलचं हॉस्टेल सोडल्यापासून आपण दोघी पत्रंच लिहीत आलो. तू गेंटच्या लॅबमध्ये जंतू बघत आयुष्य काढलंस, मी इथल्या हॉस्पिटलात लेकरं बघत, आणि इतक्या वर्षांत तुझं बेल्जियम बघायचं राहूनच गेलं होतं. आता बघितलं. माडीवरची ती खोली तू आम्हाला दिलीस, तिथून दिसणारी उतरती छपरं अजून डोळ्यांसमोर आहेत.

पण सगळ्यात लक्षात राहिला तो शेवटचा दिवस. सामान सकाळीच बांधून दाराशी ठेवलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा वेळ मोकळा. तू आम्हाला आधी किल्ल्यावर नेलंस. मी जिने चढून वर गेले आणि हे खाली बसून राहिले, तेव्हा तू हसून म्हणालीस की स्टील प्लांटमध्ये जन्म काढलेला माणूस दगडाला घाबरतो. मग बोटीत बसायचं ठरलं होतं, ते तू ऐन वेळी रद्द केलंस आणि नदीकाठच्या कॅफेत बसू म्हणालीस. मला जरा वाईट वाटलं होतं, खरं सांगते. पण तिथे बसल्यावर उठवेना. समोर ती जुन्या व्यापाऱ्यांची घरं, पाण्यात त्यांची पडछाया. तू माझी खुर्ची फिरवलीस, म्हणालीस, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालंय, उन्हाकडे पाठ कर. एवढी काळजी माझी इथे कोण करतं?

हे तुमच्या गावच्या त्या नाकाच्या आकाराच्या जांभळ्या गोड गोळ्या आणायला म्हणून गेले ते किती वेळ आलेच नाहीत. आले तेही हात हलवत. म्हणे रांग मोठी होती. डोळे लाल झाले होते, वारं लागलं म्हणाले. आपण दोघी मात्र हॉस्टेलच्या मेसची आठवण काढून एवढ्या हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

रुखरुख एकच. आमच्या कस्तुरीला ते गाव आवडलं असतं. देवेशला सोडून ती व्हँकुव्हरला निघून गेली त्याला आता दोन वर्षं होतील. मधूनच फोन येतो, नंबर दिसत नाही, 'आय अ‍ॅम फाइन, आई' एवढंच. जाण्याआधी मला म्हणाली होती की देवेशचा हात उठतो. प्रभा, तू त्याला बघितलेलं नाहीस. दर रविवारी जेवायला येतो, आमचे विंटर टायर्स बदलून देतो, आवाज कधी चढत नाही. संसारात चिडचिड सगळ्यांचीच होते. मी तिला तेच सांगितलं.

असो. आता तू ये इकडे.

तुझी
जयू


गेंट
२ नोव्हेंबर २०१७

प्रिय जयू,

तुझं पत्र पोचलं. तुम्ही गेल्यावर घर फार शांत झालं, असं लिहिणार होते, पण ते अगदी खरं नाही. मला शांततेची सवय आहे.

शेवटचा दिवस तुला आवडला हे वाचून बरं वाटलं. बोटीचं म्हणशील तर बोटीत बसलो असतो तर बोलणं झालं नसतं, ते इंजिन फार आवाज करतं. पुन्हा कधी आलीस तर नक्की बसू.

कस्तुरीविषयी तू लिहिलंस. माझ्याच घरात आठवडाभर राहिलीस, तेव्हा हे एवढं बोलली नव्हतीस. मी एकच विचारते. तिनं तुला जे सांगितलं ते तू खरं का मानलं नाहीस? तो टायर बदलतो म्हणून?

राग मानू नकोस. देवेशकडे तुमच्या घराची किल्ली असणं मला बरं वाटलं नाही.

नंदकुमारांना नमस्कार. त्यांना जपायला सांग.

प्रभा


हॅमिल्टन
१७ डिसेंबर २०१७

प्रभा,

प्रिय लिहायला हात उचलला नाही, समजून घे.

मंगळवारी इकडे चांगलाच स्नो पडला. सकाळी हे शोव्हलनं ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गराजच्या दारात उभी होते. समोरच्या घरातली मुलगी कामाला निघाली. तिनं केस कापून अगदी मुलासारखे केलेत. मी काहीतरी म्हटलं, की एवढे छान केस होते. तर हे खाली बघूनच म्हणाले, "आपल्या कस्तुरीनंही असेच कापलेत."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी शोव्हल तसाच बर्फात रोवला आणि आत निघून गेले. मी त्यांच्या मागोमाग. स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं, बूटही न काढता. खाली पाण्याचं थारोळं झालं.

कस्तुरी व्हँकुव्हरला नाही. कधीच नव्हती. ती गेंटला आहे. मी दर गुरुवारी लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते, तेव्हा हे बेसमेंटमध्ये बसून तिच्याशी बोलतात. पहिल्यापासून. आणि त्या शेवटच्या दिवशी, मी कॅफेत बसून तुझ्याबरोबर हसत होते तेव्हा हे गोळ्या आणायला गेलेच नव्हते. पुलापलीकडे कुठल्या तरी दुकानात माझ्या मुलीजवळ बसले होते. मी विचारलं, मला का नेलं नाही? तर म्हणाले, तिला तुझ्याशी बोलायचं नव्हतं.

मी ह्यांच्याबरोबर चाळीस वर्षांच्या वर संसार केला. त्याचं मी बघून घेईन. पण तू? मी तुझ्या घरी आठवडाभर जेवले. तू मला कोटाची बटणं लावून दिलीस. तुला ठाऊक होतं की माझं लेकरू त्याच गावात आहे, आणि तू मला चर्च दाखवत होतीस. किल्ला दाखवत होतीस.

माझी खुर्ची तू डोळ्यांसाठी फिरवली नव्हतीस. ती कुठे होती, प्रभा? माझ्या पाठीमागे? मला बघत होती, की तेवढंही करावंसं तिला वाटलं नाही?

ती कुठे राहते म्हणून ह्यांना विचारलं तर सांगत नाहीत. म्हणतात, मी शब्द दिलाय. मला कोणी शब्द द्यायचा नाही का?

उत्तर दे. 'बरं बरं' नको.

जयंती


गेंट
४ जानेवारी २०१८

प्रिय जयू,

मी प्रिय लिहिणार. तुला नको असेल तर खोड.

तू विचारलंस ते सांगते, आणि सरळ सांगते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही आणि मला ते जमतही नाही. मी ज्यांच्यात आयुष्य काढलं ते जंतू खोटं बोलत नाहीत.

कस्तुरी माझ्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत. डाव्या हाताला प्लास्टर होतं. माझा पत्ता तिला लहानपणापासून पाठ होता, तुझ्या पाकिटांवर तिनंच लिहिलेला. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, थोडे दिवस राहू?" मी काही विचारलं नाही. पुढे आपणहून बोलली. तू तुझ्या हॉस्पिटलात कितीतरी लेकरांचे हात तपासले असशील, 'पडला' म्हणणाऱ्या आईबापांकडे कशी बघायचीस ते तूच मला सांगायचीस. तिचं हाड कसं मोडलं ते तुला तिच्याकडूनच कळायला हवं होतं. पण तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला आणि तू तिला सांगितलंस की चिडचिड होते संसारात.

तुला का कळवलं नाही? माझ्याकडे यायच्या आधी ती कॅल्गरीला मैत्रिणीकडे गेली होती. तुला काळजी नको म्हणून तिनं तुला फोन करून तेवढं सांगितलं. आठवडा उलटायच्या आत देवेश त्या मैत्रिणीच्या दारात होता. त्याला कोणी सांगितलं, हे तुला मी सांगायला नको. तू वाईट हेतूनं सांगितलं नसशील. त्यानं जेवताना विचारलं असेल आणि तू वाढता वाढता बोलली असशील. पण तेव्हापासून तिनं एकच गाठ मनाशी मारली, की आईला कळलं म्हणजे त्याला कळलं. तुला व्हँकुव्हर सांगितलं ते त्यासाठीच.

तुम्ही येणार म्हटल्यावर मी तिला म्हटलं, भेट. ती नाही म्हणाली. मी भांडले, जयू, हे तू मान किंवा मानू नकोस. ती तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीकडे राहायला गेली. माडीवरची जी खोली तुला आवडली ती तिचीच. दोन वर्षं ती माझ्याकडेच राहते, माझ्याच लॅबमध्ये तिला काम मिळालं.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही बॅगा भरत होतात तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, "मला आईला बघायचंय. पण तिनं मला बघायला नको." म्हणून बोट रद्द झाली. म्हणून खुर्ची फिरवली. ती पुलावर उभी होती, आणि तुझी पाठ पुलाकडे होती. नंदकुमारांना मी तिच्याकडे पाठवलं. ते परत आल्यावर ती पुन्हा पुलावर येऊन उभी राहिली, आपण उठून स्टेशनकडे निघेपर्यंत.

मी तुला फसवलं. त्याला दुसरं नाव नाही. पण तुम्हा दोघींतली एक निवडायची होती, आणि जिचं हाड मोडलं होतं ती मी निवडली.

हे पत्र मी लिहितेय हे तिला माहीत नाही. तुला आता अर्धं कळलंच आहे, उरलेलं अर्धं न सांगणं मला पाप वाटलं. त्या बदल्यात एकच मागते. देवेशला कळू देऊ नकोस. तिला थोडा वेळ दे, मी तिला तुझ्याशी बोलायला लावीन.

तुझी
प्रभा


हॅमिल्टन
२८ जानेवारी २०१८

प्रभा,

पत्र वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

म्हणजे मी माझ्या मुलीच्या गादीवर झोपत होते आणि मला ते सांगण्याइतकीही माझी लायकी नव्हती. आणि आता तू मला बजावतेस की माझ्या घरात मी कोणाशी काय बोलायचं.

मागल्या रविवारी देवेश आला. हे कोणाच्या तरी साठीला गेले होते, मी एकटीच होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आई, काय झालं, तुमचा चेहरा का असा? दोन वर्षांत ह्या घरात मला हे विचारणारा तो एकटा आहे. मला रडू आलं. मी सांगायला गेले नाही. त्यानं विचारलं आणि मी खोटं बोलले नाही. तुम्हा सगळ्यांसारखं मला लपवता येत नाही.

तोही रडला. त्याला तर ती नेमकी कुठे आहे हेही माहीत नव्हतं म्हणाला. हाताचं मी स्पष्ट विचारलं. ती ड्राइव्हवेवर बर्फात घसरली होती, त्यानंच तिला इमर्जन्सीत नेलं होतं. इथे दर हिवाळ्यात माणसं पडतात, प्रभा. तुझ्या गेंटमध्ये असा बर्फ पडत नाही, तुला काय कळणार.

मला वाटतं, नवराबायकोनं एकदा समोरासमोर बसून बोलावं आणि काय ते संपवावं. तो शहाणा आहे. तिला त्रास देणार नाही असं त्यानं मला वचन दिलंय. निदान मला वचन देणारं कोणीतरी आहे.

जयंती


गेंट
२५ फेब्रुवारी २०१८

जयंती,

तुझं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी बेल वाजली. मी कस्तुरीला कसं सांगावं याचाच विचार करत होते. ते सांगायचं राहून गेलं, हे माझं.

दारात देवेश. हातात मिठाईचा डबा. वाकून नमस्कार केला मला. प्रभामावशी, कस्तुरीकडून तुमच्याबद्दल खूप ऐकलंय म्हणाला. मी त्याला आत घ्यायला नको होतं. पण तो बोलता बोलता आत आला होता, बूट काढून, ते भिंतीशी जोडीनं नीट लावून ठेवून. मग दिवाणखान्यात बसून त्यानं चहा मागितला. आवाज खरंच चढत नाही त्याचा. कस्तुरी कधी येते, कुठून येते, सायकलनं की ट्रामनं, असं सगळं हळूहळू विचारत राहिला. मी म्हटलं, ती इथे राहत नाही. तो हसला आणि म्हणाला, "आई म्हणाल्या, माडीवरची खोली."

तेवढ्यात बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. तिची रोजची वेळ नव्हती ती, लवकर सुटली असावी. मी उठायला गेले तर तो म्हणाला, "बसा ना, मावशी." मी बसले. का बसले, ते मला अजून कळत नाही. दार उघडलं आणि पुन्हा लागलं, अगदी हळू. पावलं आत आली नाहीत. तिनं त्याचे बूट बघितले असणार.

कोण होतं म्हणून त्यानं विचारलं. मी शेजारीण म्हणाले. तो उठून खिडकीशी गेला. तिची सायकल कुंपणाला टेकवलेली होती, कुलूप न लावता. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग डबा टेबलावर ठेवून गेला. मी पोलिसांना फोन केला. ते आले, चांगले वागले, लिहून घेतलं. पण मिठाई घेऊन येणं हा इकडेही गुन्हा नाही.

कस्तुरी परत आली नाही. लॅबमधली एक मुलगी तिची बॅग न्यायला आली, कुठे नेते ते सांगायला तिला मनाई होती. आणि परवा एक फोन आला. कस्तुरीच होती. तिनं मला एवढंच विचारलं, "मावशी, आईला तू सांगितलंस?"

मी हो म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली की तू मला ठेवून घेतलंस हे मी विसरणार नाही, आणि फोन ठेवला. तो नंबर आता बंद आहे. नोकरी तिनं सोडली. ती कोणत्या देशात आहे हेही मला माहीत नाही, आणि नंदकुमारांना माहीत असेल असं मला वाटत नाही.

तू खोटं बोलली नाहीस हे खरं. मी बोलले, दोन वर्षं बोलले, तोवर ती सुखरूप होती. तुला खरं लिहिलं आणि ती गेली.

प्रभा


हॅमिल्टन
१८ मार्च २०१८

प्रिय प्रभा,

तुझं पत्र ह्यांनी आधी वाचलं. पाकीट उघडंच टेबलावर होतं. त्यानंतर ह्यांनी आपलं पांघरूण बेसमेंटमध्ये नेलं. गुरुवारी मी लायब्ररीत गेले नाही. हे फोन घेऊन खाली बसलेले होते. फोन आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

देवेश मागच्या रविवारी आला. नेहमीसारखा, हातात ग्रोसरीच्या पिशव्या. मी त्याला विचारलं, काय झालं तिकडे? तो खुर्ची ओढून बसला आणि मजा सांगावी तसं सांगायला लागला. आई, ती आली होती, म्हणाला, पण माझे बूट बघून पळाली. सायकल पण टाकून. "अजून घाबरते ती मला." असं म्हणून हसला. प्रभा, त्याचा आवाज चढला नाही, चेहरा वाकडा झाला नाही. पण त्याला बरं वाटलेलं मला दिसलं. मी एवढी वर्षं माणसाला समोर बसवून जेवू घातलं, आणि त्याचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी म्हटलं, किल्ली दे आणि ऊठ. त्यानं वाद घातला नाही. जुडग्यातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली, जॅकेट चढवलं. हे तोपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे होते. त्यांना ऐकू जाईल असं माझ्याकडे वळून तो म्हणाला, "पण आई, पत्ता तर तुम्हीच दिलात."

तो गेल्यावर हे दुकानात जाऊन नवीन कुलूप घेऊन आले आणि संध्याकाळभर बसवत बसले. मी टॉर्च धरला. एक शब्द बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. घरात दोघांचा स्वयंपाक होतो आणि ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जातात.

तू मला फसवलंस, तो राग गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. ह्यांच्यावरचाही गेलेला नाही. पण तो आता कुठे ठेवू हे कळत नाही. तुम्ही मला ओळखून होतात, हेच जास्त लागतं.

मी तुला ती कुठे आहे हे विचारणार नाही. तुला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी विचारलं नसतं. मला दुसरंच हवंय. त्या शेवटच्या दिवशी ती पुलावर उभी होती, तेव्हा तुझं तोंड तिच्याकडे होतं. तू तिला बघत होतीस. ती कशी दिसत होती? अंगात कुठला कोट होता? वाळली आहे का? मी हसले तेव्हा तिनं काय केलं? तेवढंच लिही. चार ओळी लिही. मला तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणता येत नाही, लांब केसांचीच दिसत राहते.

तुझी
जयू


गेंट
९ एप्रिल २०१८

जयू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लिहायला बसले होते. कोटाचा रंग लिहिला, ती कठड्याला कशी टेकली होती ते लिहिलं, तू हसलीस तेव्हाचंही लिहिलं. मग पान फाडलं.

तू ते कोणाला सांगणार नाहीस, हे मला कळतं. देवेश आता तुझ्या घरी येत नाही, हेही कळतं. पण तिनं मला विचारलं होतं, आईला तू सांगितलंस? आणि मी हो म्हणाले होते. तसं पुन्हा कधी म्हणावं लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. उद्या तिचा फोन आलाच, तर तिचं काहीही, अगदी कोटाचा रंगसुद्धा, माझ्याकडून बाहेर गेलेला नसावा.

म्हणून लिहीत नाही.

प्रभा